मदत हवी आहे: ऱ्हाईनकाठच्या जुन्या गेस्टहाऊसमध्ये आई-बाबांना न्यावं की बुकिंग कॅन्सल करावं?

द्राक्षकन्या:
नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या. जरा घाई आहे कारण गुरुवार रात्रीपर्यंतच बुकिंग फुकटात रद्द करता येतंय.

तर दादा फ्रँकफर्टला असतो, त्याच्याकडे आई-बाबांना घेऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चाललेय. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, बाबांची सगळी हयात त्यातच गेली, आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत घरी पोचवायचं या एका अटीवर ते यायला तयार झालेत. पॅरिस बिरिस काही नको म्हणाले. "तिकडे उभ्या डोंगरावर द्राक्षं लावतात म्हणे, ते तेवढं दाखव." म्हणून मी बाखराख नावाच्या गावात रविवार-सोमवार दोन रात्रींसाठी एक जुनं गेस्टहाऊस बुक केलं. फोटो बघूनच भाळले, खरं सांगते. लाकडी चौकटींचं जरा कललेलं घर, खिडकीत लाल फुलं, मागे द्राक्षांचे मळे आणि त्याच्यावर किल्ला. आणि मग बुकिंग झाल्यावर सगळं नीट वाचलं, नेहमीप्रमाणे.

खोल्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, लिफ्ट नाही, घर संरक्षित वास्तू आहे म्हणून बसवताही येत नाही असं लिहिलंय. बाबांचा उजवा गुडघा गेली चार वर्षं त्रास देतोय, चढताना फारसं नाही पण उतरताना फार. दुसरं म्हणजे संध्याकाळी सहानंतर रिसेप्शनला कोणी नसतं. आणि तिसरं, त्यांच्या मेलमध्ये जर्मनमध्ये एक ओळ आहे तिचं मोबाइलने "सोमवार हा विश्रांतीचा दिवस" असं भाषांतर केलंय, आता याचा अर्थ काय घ्यायचा, सोमवारी आम्हाला बाहेर काढणार का? दादा म्हणतो कॅन्सल कर आणि माइंझमध्ये लिफ्टवालं साधं हॉटेल घे, दिवसभर जाऊन परत या.

खाण्याचंही आहेच. बाबा माळकरी, आईसुद्धा पूर्ण शाकाहारी, दोघांनाही अंडं चालत नाही, आणि आईचा सोमवारचा उपास असतो जो ती विमानातसुद्धा सोडणार नाही. दोघंही वाइन घेत नाहीत, तर वाइनच्या गावात जाऊन ही माणसं काय पिणार असंही दादाने विचारून झालंय. कोणी असल्या जुन्या घरात वयस्कर माणसांना घेऊन राहिलंय का? प्लीज खरं खरं सांगा.

माइंझची_माई:
सगळ्यात आधी दीर्घ श्वास घ्या. सोमवारी कोणी बाहेर काढत नाही. ते रूहेटाग म्हणजे त्यांच्या खालच्या रेस्टॉरंटची सुट्टी, खोल्या चालू असतात, सकाळचा नाश्ताही बहुतेक ठिकाणी मिळतो, पण रात्रीचं जेवण त्या दिवशी त्यांच्याकडे नाही. खरी गोम पुढे आहे. छोट्या गावात बऱ्याच जणांची सुट्टी सोमवारी किंवा मंगळवारी असते, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे ओरडत असताना गावभर फिरून बंद दारं बघायची वेळ येते. आमची आली होती. कुठलं उघडं आहे ते आधीच मालकिणीला विचारून ठेवा, आणि किचन साडेआठ-नऊला बंद होतं हे धरूनच चाला, आपल्याकडे साडेनवाला "काय करायचं जेवायचं" सुरू होतं तसं तिथे चालत नाही.

दुसरं, ही घरं म्हणजे हॉटेल नव्हे, पुष्कळदा एकच कुटुंब सगळं बघतं, सुनेने नाश्ता मांडायचा आणि सासऱ्याने वाइन ओतायची. ॲपवरून मेसेज टाकून बसू नका, फोन करा. सकाळी नाश्त्याची गर्दी संपल्यावर, दहानंतर. दादाला जर्मन येत असेल तर त्याला करायला लावा, नाहीतर हळूहळू इंग्लिशमध्ये बोला, चालतं. गुडघ्याचं स्पष्ट सांगा आणि एर्डगेशोस म्हणजे तळमजल्यावर काही आहे का विचारा. "होखपार्टेरे" म्हणाले तर तो पूर्ण तळमजला नाही हं, चार-सहा पायऱ्या चढून असतो. पायऱ्या किती आणि कठडा एका बाजूला की दोन्ही, हेही विचारा. लाज वाटून घेऊ नका.

खवट_आजोबा:
मी दादाच्या बाजूने. सहा वर्षांपूर्वी मोझेलकाठी अशाच एका "ऐतिहासिक" घरात आम्ही उभयता राहिलो. पहिल्याच रात्री बाथरूमला जाताना तुळईवर डोकं आपटलं, दुसऱ्या रात्री तीच तुळई, तीच जागा. नळाला कोमट पाणी यायला इतका वेळ की माझे अथर्वशीर्षाचे दोन पाठ होत. खिडकीतून दृश्य मात्र कॅलेंडरचं, ते नाकारत नाही. इतिहास दिवसा बघावा आणि रात्री लिफ्ट असलेल्या ठिकाणी झोपावं.

माइंझची_माई:
आजोबा, तुळई एकदा आपटली तर घराची चूक, दुसऱ्यांदा कोणाची? :)

रेल्वेवेडा:
कोणी मुख्य गोष्ट बोलतच नाहीये. गाड्या! ऱ्हाईनच्या दोन्ही काठांवर रूळ आहेत, आणि बाखराखला तर रूळ गावाची जुनी तटबंदी आणि नदी यांच्या मधून जातात, म्हणजे "रिव्हर व्ह्यू" खोली म्हणजे आपोआप रेल्वे व्ह्यू. रात्रभर मालगाड्या चालतात, पलीकडच्या काठावरच्याही ऐकू येतात कारण दरी अरुंद आहे आणि आवाज पाण्यावरून सरळ येतो. मला स्वर्ग वाटला, बायकोने दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. झोप हलकी असेल तर मागची, डोंगराकडची खोली मागा. एसी नसतो, त्यामुळे खिडकी बंद करून झोपू असं म्हणाल तर सप्टेंबरात जमेलही, जुलैत नाही.

जायला फ्रँकफर्टहून माइंझ, तिथे गाडी बदलून नदीकाठची प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी. बिंगेन सोडलं की उजवीकडच्या खिडकीत बसा, तिथून किल्ले सुरू होतात. आणि मोठ्या बॅगा दादाकडेच ठेवा, गावात दगडी फरसबंदी आहे, तेवीस किलोची चाकाची बॅग त्यावरून ओढली की अख्खं गाव खिडकीत येतं.

द्राक्षकन्या:
बापरे, गाड्यांचं डोक्यातच नव्हतं. म्हणजे समोरची खोली गाड्यांची आणि मागची पायऱ्यांची असं तर नसेल ना? उद्या सकाळी फोन करतेच.

कोब्लेंझकर:
बाबा बागायतदार आहेत हे वाचून राहवलं नाही. ताई, कॅन्सल करू नका, माइंझला राहून हे दिसणार नाही. बाखराखमध्ये मळे बघायला "जावं" लागत नाही, गावाच्या मागच्या वेशीतून पाच-दहा मिनिटं चाललं की वेली सुरू. स्टीगच्या बाजूला जी दरी आत जाते तिथल्या सपाट रस्त्यावरून गुडघ्याला त्रास न देता दोन्ही अंगांचे उतार दिसतात. जमीन सगळी पाटीच्या दगडाची, म्हणजे आपण शाळेत लिहायचो ती पाटी. त्या चिपा दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात, इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं त्याचं अर्धं श्रेय त्या दगडाला, उताराला आणि नदीला. माल मुख्यतः रीसलिंग जातीचा. मांडव नाही, तारा आहेत, आणि ओळी उभ्या उताराच्या दिशेने खाली येतात. फार कडक चढ असेल तिथे एका दातेरी रुळावरून माणूस आणि माल वर नेणारी छोटी गाडी असते, बाबांना ती नक्की दाखवा. मोझेल नदीवर ब्रेम गावचा कालमोंट नावाचा उतार तर याहून उभा, पण तिथे गुडघ्यासकट जाऊ नका.

सप्टेंबरच्या शेवटी तोडणी सुरू होत असते तेव्हा काही पायवाटा बंद ठेवतात. पाटी दिसली तर आत शिरू नका आणि चव बघायला मणी तोडू नका. बाबा बागायतदार म्हटल्यावर त्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांना आहे.

दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसली तर ती स्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्याच अंगणात वर्षातले थोडे महिने चालवलेली खानावळ. स्वतःचीच वाइन विकायची, साधं जेवण, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या असा नियम आहे. माळकऱ्यांना तिथे ट्राउबेनझाफ्ट मिळतो, द्राक्षाचा रस. आणि जर्मन कायद्याने दारू विकणाऱ्याला निदान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग विकता येत नाही, हे दादाला सांगा, त्याला उत्तर मिळेल.

एक धोक्याची सूचना. फेडरवाइसर नावाचं ढगाळ, गोड पेय या दिवसांत सगळीकडे दिसेल, ते रसासारखं लागतं पण आंबत असलेला रस आहे, दारूच. बाबांना कोणी प्रेमाने देईल, सांभाळा. शिवाय बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं. माझ्या सॅकमध्ये एकदा आडवी झाली, अजून वास येतो.

माइंझची_माई:
खाण्याबद्दल राहिलंच. अंडं चालत नाही म्हणजे मेन्यूवर शाकाहारी लिहिलेलं सगळंच चालेल असं नाही. स्पेट्झले नावाचा शेवयांसारखा प्रकार अंड्याचा, कार्टोफेलपुफर दिसायला अगदी बटाट्याचं थालीपीठ पण त्यात अंडं, ट्स्वीबेलकूखन हा कांद्याचा पाय, त्यात अंडंही आणि बेकनही. फ्लामकूखन चालेल, पातळ भाकरीवर आंबट साय आणि कांदा असतो, पण वरचे डुकराचे तुकडे काढायला सांगायचं. "ओने श्पेक" एवढे दोन शब्द आईला पाठ करून द्या, अख्ख्या जर्मनीत पुरतात. सॅलडवर टर्कीच्या पट्ट्या टाकून आणतात, तेही बघा. उपासाला उकडलेले बटाटे आणि क्वार्क नावाचा चक्का. क्वार्कमध्ये कांद्याची पात कापून घालतात, ती घालू नका म्हणावं. अगदी एकादशीसारखी ताटली होईल.

नियमात_बसवा:
बऱ्याच चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातला दूध नासवणारा पदार्थ, असतो हे कोणी सांगितलं का? माळकऱ्यांना ते चालणार नाही. फ्लामकूखनवर कधीकधी चीजही असतं.

सुमाताई_डोंबिवली:
अहो तिने विचारलंय जिन्याचं, तुम्ही वासराच्या पोटात कुठे शिरलात. मुली, मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याचे लाडू ने. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, माझ्या भाचीने सांगितलंय.

रेल्वेवेडा:
हो, रविवारी सुपरमार्केट बंद. फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेशनातली आणि विमानतळावरची उघडी असतात, फळं-दही तिथूनच घ्या. आणि रोख युरो ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड चालतं म्हणतात आणि मग फक्त जर्मन बँकेचं चालतं.

द्राक्षकन्या:
फोन केला! दादा म्हणाला मी नाही करणार, मग मीच केला. मालकीणबाई आधी जरा तुटक वाटल्या, "येस? येस?" एवढंच, मग मी गुडघा म्हटल्यावर म्हणाल्या माझ्या सासऱ्यांचंही तेच आहे, आणि एकदम सूर बदलला. मागच्या अंगणात जुन्या गोठ्याची एक खोली केलेली आहे, ती होखपार्टेरे, सहा पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, कारण तो सासऱ्यांसाठीच बसवलाय. खिडकी नदीकडे नाही, डोंगराकडे. साइटवर ती खोली ठेवतच नाहीत कारण दृश्य नाही म्हणून लोक वाईट रिव्ह्यू देतात. मी ती घेतली आई-बाबांसाठी, मला वर दुसऱ्या मजल्यावर गाड्यांसमोर. उशीर झाला तर किल्ली दाराशेजारच्या पेटीत, त्याचा नंबर मेलने आला. कॅन्सल करत नाहीये. आता फक्त एवढं सांगा की किल्ला कुठला दाखवू? चढण नको.

खवट_आजोबा:
गोठा ऐकून मी माझं मत मागे घेतो.

कोब्लेंझकर:
चढण नको असेल तर किल्ले खालूनच बघा, तसे ते तिथूनच चांगले दिसतात. बाखराखहून बोट घ्या आणि सांक्ट गोआरला उतरा, प्रवाहाबरोबर जाते म्हणून साधारण पाऊण तास, उलट दिशेला जास्त वेळ लागतो. परत गाडीने दहा-पंधरा मिनिटं. वाटेत काउबजवळ नदीच्या मधोमध बेटावर जहाजासारखा पांढरा फाल्झग्राफेनश्टाइन दिसेल, तो जकात वसूल करायला बांधलेला. मग डावीकडे ओबरवेझेलचा शोनबुर्ग, पुढे उजवीकडे लोरेलाइचा कडा, 132 मीटर. सांक्ट गोआरच्या वरचा राइनफेल्सही 1245 मध्ये जकातीसाठीच बांधला. एवढ्याशा दरीत इतके किल्ले का, तर प्रत्येक सरदाराला येणाऱ्या नावेकडून पैसे हवे होते. बरेचसे 1689 मध्ये फ्रेंचांनी उडवले, आज जे गुळगुळीत दिसतात त्यातले पुष्कळ नंतर बांधून काढलेले आहेत. बाखराखच्या डोक्यावरचा श्टालेक तसाच, आता तिथे यूथ हॉस्टेल आहे. कधीच न पडलेला हवा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग, पण आतली वाट दगडी आणि चढाची, तो बाबांना नको.

गावातलं 1368 चं लाकडी घर बाजाररस्त्यावरच आहे, ते चुकवू नका. आणि श्टालेकच्या वाटेवर वेर्नरच्या चॅपलचे नुसते उघडे कमानी सांगाडे दिसतील. फोटोला सुंदर आहेत, पण तिथली पाटी वाचा. 1287 मध्ये वेर्नर नावाच्या मुलाच्या खुनाचा ज्यूंवर खोटा आळ घेऊन त्यांच्या कत्तली झाल्या, त्यातून ते उभं राहिलं.

द्राक्षकन्या:
अपडेट द्यायला उशीर झाला, आल्या आल्या बाबा बागेत आणि मी ऑफिसात.

मागच्या खोलीत आई-बाबा शांत झोपले. मी वर. रेल्वेवेडा, तुम्ही म्हणालात ते कमीच होतं, पण उशाशी इअरप्लगची पुडी ठेवलेली होती, यावरूनच समजायचं. जिना इतका अरुंद की उतरताना मी बसून-बसून उतरले, बाबांना इथे आणलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको. तुळईवर "डोकं!" अशा अर्थाची जर्मन पाटी आहे, तरी आपटलं, आजोबा, एकदाच. सोमवारी रात्री मालकीणबाईंनी सांगितलेली एकच जागा उघडी होती, तिथे आईची उपासाची ताटली झाली, क्वार्क पात न घालता. आईने वेट्रेसला "ओने श्पेक" पण सांगितलं, उपासाच्या बटाट्याला, सवयीने. बोट छान झाली. बाबा काउबचा किल्ला बघून म्हणाले, "म्हणजे टोलनाकाच की. घोटीसारखा."

पण बाबांना किल्ल्यांत रस नव्हताच. पहिल्या संध्याकाळी स्टीगच्या रस्त्यावर ते एका बांधाशी उभे राहिले ते अर्धा तास. घड हातात न घेता नुसते खाली वाकून बघत होते. म्हणाले, "मणी किती बारके, आपल्याकडे एक्सपोर्टला पेटीसुद्धा घेणार नाहीत." मग ते पाटीचे दगड हाताने दाबून बघितले, सूर्य डोंगरामागे जाऊन बराच वेळ झाला होता, तरी कोमट होते. एक चिप खिशात टाकली.

सोमवारी नाश्त्याला मालकीणबाईंचे सासरे अंगणात बसले होते, ऐंशीच्या आसपासचे, काठी टेकून. ते आणि बाबा दोघांनी एकाच वेळी उजवा गुडघा दाखवला आणि तिथून जी गट्टी जमली ती नाश्ता आवरून टेबलं पुसून झाली तरी सुटेना. भाषा कुठलीच नाही. बाबांनी मोबाइलवर आपल्या बागेचा एक जुना फोटो काढला, पानावर तेलकट डाग पडलेला, डावणी रोगाचा. म्हातारबाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवत म्हणाले "पेरोनोस्पोरा". बाबा म्हणाले "डावणी". दोघंही गप्प. मग बाबा म्हणाले "बोर्डो?" आणि ते एकदम "या, या, बोर्डो!" करून उठले आणि काठी न घेता शेडमध्ये गेले आणि निळे डाग पडलेली एक जुनी बादली घेऊन आले. बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारायचं मिश्रण, त्या मोरचुदाचा निळा रंग आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर अजून आहे. आई म्हणाली, सगळीकडच्या बागायतदारांची बादली घाणेरडीच.

मग बाबांनी बोटांनी विचारलं छाटणी किती वेळा. त्यांनी एक बोट दाखवलं. बाबांनी दोन. ते हसले, मान हलवली, परत एक. बाबा परत दोन, एप्रिल आणि ऑक्टोबर. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारून बोलावलं आणि तिने मला इंग्लिशमध्ये विचारलं की तुमचे वडील गंमत करतायत का, एका वेलीला वर्षातून दोनदा कसं छाटतील, थंडीत झोपते ना ती. मी सांगितलं आमच्याकडे झोपत नाही. त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही.

आता परवा मेल आलाय मालकीणबाईंचा, की सासरे रोज विचारतात त्या इंडियन शेतकऱ्याने खरंच ऑक्टोबरमध्ये छाटणी केली का, फोटो पाठवा. आमची छाटणी येत्या सोमवारी आहे. फोटो मी काढेन, पण बाबांचा हट्ट आहे की खाली जर्मनमध्ये नीट लिहून पाठवायचं, नुसती छाटणी नाही, एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी. मोबाइलच्या भाषांतराने गोडी छाटणीचं "गोड कापणी" असं काहीतरी केलंय. माई, कोब्लेंझकर, कोणीतरी सांगा हो, याला जर्मनमध्ये काय म्हणायचं?